कॉरोनेशन स्ट्रीटची पहिली काही वर्षं: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टरजवळ राहणारी मराठी बाई साठ वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल इंग्रजी मालिकेत इतकी का रमते, हे आमच्याकडे जेवायला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो. तीच ती उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाची लिहून काढली.

ही मालिका नक्की कुठली?

ग्रॅनडा टेलिव्हिजन या मँचेस्टरच्या कंपनीने बनवलेली. आयटीव्ही या वाहिनीवर पहिला भाग लागला ९ डिसेंबर १९६० रोजी, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता. ती अजून चालू आहे. वेदरफील्ड नावाच्या काल्पनिक गावातली एक गल्ली, तिच्या एका टोकाला पब, दुसऱ्या टोकाला किराण्याचं दुकान आणि मधे एकमेकींना चिकटलेली सात घरं. वेदरफील्ड म्हणजे मँचेस्टरला लागून असलेलं सॅल्फर्ड, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

कुणाच्या राज्याभिषेकावरून हे नाव? एलिझाबेथ राणीच्या का?

नाही. मालिकेतल्या कथेप्रमाणे गल्ली १९०२ साली बांधली गेली आणि नाव पडलं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकावरून. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हाच ती घरं जुनी, ओल धरलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी नाव वेगळंच होतं म्हणे?

हो, फ्लोरिझेल स्ट्रीट. ग्रॅनडाच्या कचेरीत चहा देणाऱ्या बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, हे तर संडास धुवायच्या औषधाचं नाव वाटतं. संपला विषय. मग ‘जुबिली स्ट्रीट’ आणि ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही दोन नावं उरली. ज्या मालिकेचा सगळा डोलारा कष्टकरी बायकांच्या तिखट जिभेवर उभा राहणार होता, तिचं बारसंही अशाच एका बाईमुळे झालं, हे मला फार आवडतं.

ही कल्पना कुणाची?

टोनी वॉरन या २४ वर्षांच्या पोराची. लहानपणी आजीच्या घरी टेबलाखाली बसून तो आई, आजी, मावश्या आणि शेजारणींच्या गप्पा ऐकायचा. पुढे बालकलाकार म्हणून रेडिओवर कामं केली, मग ग्रॅनडात लेखक म्हणून चिकटला. तिथे दुसऱ्यांच्या साहसकथा लिहून वैतागल्यावर त्याने वरिष्ठांना सांगितलं, मला ज्यातलं कळतं ते लिहू द्या. त्याला कळत होती सॅल्फर्डची गल्ली. तिथले अलिखित नियम, कोण कुणाच्या दारात उभं राहून बोलतं, कोण कुणाला घरात घेतं, कुणाचा पडदा कधी हलतो.

टोनी समलिंगी होता आणि ते लपवतही नव्हता. इंग्लंडात १९६७पर्यंत तो गुन्हा होता. गल्लीच्या आतला असूनही थोडा बाहेरचा, म्हणून त्याला इतकं दिसलं असावं. हे माझं मत, त्याचं नाही.

ग्रॅनडाला लगेच पटलं?

छे. कंपनीचे मालक सिडनी बर्नस्टीन यांना सुरुवातीला हे अजिबात रुचलं नव्हतं. मालिकेच्या पाठीशी उभा राहिला हॅरी एल्टन, आणि तो होता कॅनडाचा. वरिष्ठ नाकं मुरडताहेत म्हटल्यावर त्याने कचेरीत ठिकठिकाणी टीव्ही मांडले आणि चहावाल्या बायकांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळ्यांना नमुन्याचा भाग दाखवून मतं मागवली. काहींना मनापासून आवडला, काहींना मुळीच नाही. पण ‘ठीक आहे’ म्हणणारं कुणी नव्हतं. मंजुरी मिळाली १३ भागांची. १३!

वर्तमानपत्रांनी काय म्हटलं?

डेली मिररच्या केन अर्विनने लिहिलं की ही मालिका काही टिकणार नाही. सुरुवातीला आयटीव्हीच्या सगळ्या प्रादेशिक विभागांनी ती दाखवलीही नाही, मिडलंड्स आणि ईशान्येकडचे प्रेक्षक कित्येक महिने तिला मुकले. १९६१च्या उन्हाळ्याआधी ती देशभर पोचली आणि त्याच वर्षी लोकप्रियतेत पहिली आली. अर्विनसाहेबांचं ते भाकीत लोक अजून विसरलेले नाहीत.

पहिल्या भागात घडतं तरी काय?

म्हटलं तर काहीच नाही.

दुकानाची जुनी मालकीण नव्या मालकिणीला, फ्लॉरी लिंडलीला, दुकान सोपवते. मालिकेतलं पहिलं वाक्य दारावरची पाटी रंगवून घेण्याबद्दल आहे. एल्सी टॅनरच्या पाकिटातून दोन शिलिंग गेलेत आणि संशय तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या पोरावर, डेनिसवर. एना शार्पल्स दुकानात येऊन फ्लॉरीचा धर्म, चर्च, सगळा इतिहास विचारून घेते आणि जाताना केक मागते, एक्लेअर मात्र नकोत.

आणि तीन नंबरच्या घरात बार्लो कुटुंब जेवायला बसलंय. थोरला केन विद्यापीठात शिकतो. टेबलावरची सॉसची बाटली, वडिलांचा कडक चहा, सगळ्याची त्याला लाज वाटते. त्याला आपल्या मैत्रिणीला इंपीरियल हॉटेलात न्यायचंय आणि वडील म्हणतात, तिथल्या स्वयंपाकघरात तुझी आई राबते, तिथे तू गिऱ्हाईक होऊन जाणार? शेवटी ती मैत्रीण घरीच येऊन उभी राहते, तर बैठकीच्या खोलीत बाप आणि धाकटा भाऊ सायकलचं पंक्चर काढताहेत!

मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले आणि मग गप्प झाले. गिरणीत किंवा कारखान्यात राबलेल्या बापाच्या ज्या मुलाने पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढली, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. घरात आलेल्या मित्रासमोर स्टीलचा पेला द्यावा की कपबशी, यावरून आमच्या घरी झालेली भांडणं मला आठवली.

ती घरं आतून कशी?

खाली दोन खोल्या, वर दोन. संडास मागच्या परसात. दर्शनी खोली पाहुण्यांसाठी राखलेली, पण खरं जगणं मागच्या खोलीत, शेगडीपाशी. दाराची दगडी पायरी गुडघ्यावर बसून घासायची, ती पांढरी दिसली पाहिजे, नाहीतर शेजारीण बोलणार. आपल्याकडे सकाळचा सडा टाकला नाही तर जे होतं, तेच. अशा घरांत भिंत एकच, त्यामुळे पलीकडचं भांडण, खोकला, रेडिओ सगळं अलीकडे. चाळीत वाढलेल्या माणसाला ही रचना नवीन नाही, फक्त गॅलरीच्या जागी फरसबंदी रस्ता आहे.

गल्लीच्या समोरच्या बाजूला रेनकोटचा कारखाना आणि ग्लॅड टायडिंग्ज मिशन हॉल. एना त्या हॉलची राखणदार. १९६१च्या सुरुवातीला गॅसगळती होते आणि अख्खी गल्ली रात्रभर त्या हॉलमध्ये झोपायला जाते. एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं एका छपराखाली. सुरुवातीच्या भागांतला हा माझा दुसरा आवडता. पहिला पुढे येईल.

गल्ली खरी होती का?

दिसायला, हो. टोनी वॉरन आणि नेपथ्यकार डेनिस पार्किन सॅल्फर्डमध्ये हिंडले आणि त्यांना ऑर्ड्‌सल भागातली आर्ची स्ट्रीट सापडली. फुटबॉलवाल्यांसाठी सांगते, मँचेस्टर युनायटेडचा एडी कोलमन, जो १९५८च्या म्युनिक विमान अपघातात गेला, तो याच आर्ची स्ट्रीटवर नऊ नंबरात वाढला.

चित्रीकरण मात्र स्टुडिओत. घरांचे दर्शनी भाग लाकडी आणि खऱ्यापेक्षा पाऊणपट, कारण जागाच तेवढी. १९६८मध्ये तेच देखावे उचलून स्टुडिओबाहेर उघड्यावर मांडले, विटा त्यानंतर आल्या.

आणि खरी आर्ची स्ट्रीट? १९७१मध्ये पाडली. साठच्या दशकभर सॅल्फर्डमधल्या असल्या गल्ल्या भुईसपाट होत होत्या, माणसं नव्या उंच इमारतींत हलवली जात होती. म्हणून वर म्हटलं, १९०२ लक्षात ठेवा. लोक मला विचारतात की तुम्हाला जुन्या मालिकेचं इतकं वेड का, आणि मी सांगते की ती मालिका नवी होती तेव्हाच हुरहुरीने भरलेली होती. टोनी आपल्या आजीच्या काळातली गल्ली लिहीत होता आणि बुलडोझर पुढच्या चौकात उभा होता. प्रेक्षकांपैकी कित्येकजण ती मालिका नव्या फ्लॅटमध्ये बसून पाहत असणार.

भाग खरंच थेट प्रक्षेपित व्हायचे?

सुरुवातीला आठवड्यातला एक भाग थेट जायचा आणि तो संपला की लगेच पुढचा मुद्रित करायचे. त्यामुळे जुन्या भागांत कुणी वाक्य विसरतं, भिंत किंचित हलते. मला त्यात नाटकाच्या प्रयोगाची मजा येते. बहुतेक नट प्रांतिक रंगभूमीवर आणि रेडिओवर वर्षानुवर्षं घासलेले. तोल गेला तरी सावरून घेण्याची त्यांची हातोटी पाहण्यासारखी आहे.

एना शार्पल्सबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण तशी बाई त्याआधी टीव्हीवर नव्हती. डोक्याला केसांची जाळी, पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला जाड कोट, ओठ घट्ट मिटलेले, आणि उघडले की समोरच्याची धडगत नाही. भूमिका करणाऱ्या व्हायोलेट कार्सन मुळात संगीतातल्या. रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमातल्या ‘आंटी व्हाय’ म्हणून अख्खा उत्तर इंग्लंड त्यांना ओळखायचा. टोनी लहानपणी त्यांच्याबरोबर काम करायचा आणि एकदा त्याच्या वांडपणाला कंटाळून त्यांनी त्याला फटके देण्याची धमकी दिली होती. एना कुठून सुचली, याचा वेगळा शोध नको.

पण एना एकटी पुरी नाही. तिला पाहायचं ते रोव्हर्स रिटर्न पबच्या ‘स्नग’मध्ये. स्नग म्हणजे पबातली छोटी आडोशाची खोली, जिथे वयस्क बायका पुरुषांच्या नजरेआड बसून पिऊ शकत. तिथे तिघी: एना, भित्री पण मनात खूप काही साठवून असलेली मिनी कॉल्डवेल, आणि चोंबडी मार्था लाँगहर्स्ट. तिघींपुढे मिल्क स्टाउट, ही काळी गोडसर बिअर. एक पेला तासभर पुरवायचा. विषय? मरण, पाय दुखणं, नवी भाडेकरीण, बायबल, हॅम किती महाग झालं. कथानक थांबवून लेखक त्यांना पाच-पाच मिनिटं बोलू देत. माझ्या मते मालिकेचा सगळा ऐवज त्या स्नगमध्ये आहे. पुढे मालिकेत आगी लागल्या, खून झाले, ट्राम कोसळली, पण दोन म्हाताऱ्यांच्या मधल्या शांततेइतकं थरारक काही मला त्यात सापडलं नाही. मुलांना हे पटत नाही.

एल्सी टॅनर आणि ॲनी वॉकर, यांत तुमची आवडती कोण?

असं विचारू नये, पण एल्सी. नवऱ्याने टाकलेली, दोन मोठ्या मुलांची आई, अजून लाल लिपस्टिक लावून बाहेर पडणारी. पहिल्याच भागात आरशासमोर स्वतःला खाटिकखान्याच्या लायकीची झालीस म्हणते आणि केस सारखे करते. पॅट फिनिक्सने ती अशी केली की गल्लीने कितीही नावं ठेवली तरी प्रेक्षक तिच्या बाजूचा. तिच्या आणि एनाच्या भर रस्त्यातल्या भांडणांना नळावरच्या भांडणाचा ताल आहे, दोघींनाही माहीत असतं की खिडक्याखिडक्यांतून सगळे ऐकताहेत.

ॲनी पबची मालकीण. डोरिस स्पीडने तिला असा काही राणीचा डौल दिला आहे की गिऱ्हाईक बिअर मागायला बिचकावं. नवरा जॅक मात्र साधा, मनमोकळा. बायकोच्या मोठेपणाकडे तो ज्या नजरेने पाहतो, त्यातच त्यांचं सगळं लग्न कळतं.

संपाच्या काळात मालिका कशी चालली?

नोव्हेंबर १९६१ ते एप्रिल १९६२ नटांच्या संघटनेचा संप होता. ज्यांचे करार आधीच झाले होते तेवढे १४ जण काम करू शकत होते. बाकीचे दिसेनासे झाले. पोस्टमन नाही, दूधवाला नाही. लेखकांनी त्या १४ जणांवर महिनोन्‌महिने गाडा ओढला.

सगळ्यात जास्त रडू कधी आलं?

१३ मे १९६४. मार्था जाते.

त्या वर्षी टिम ॲस्पिनॉल हा नवा निर्माता आला आणि त्याने जुन्या नटांना पटापट काढायला सुरुवात केली. केनच्या वडिलांना, फ्रँक बार्लोला, बक्षिसाचे पैसे मिळालेत, तो गल्ली सोडून चाललाय, रोव्हर्समध्ये निरोपाची पार्टी. सगळे पियानोभोवती गाताहेत. मार्थाला आयुष्यात पहिल्यांदा परदेशी, स्पेनला जायचंय, तिचा नवा पासपोर्ट तिच्याजवळ आहे. तिला बरं वाटत नाही, ती स्नगमध्ये एकटी येऊन बसते आणि टेबलावर डोकं टेकते. बाजूला गाणं चालूच.

लेन फेअरक्लफ या शेजाऱ्याचं काम करणाऱ्या पीटर ॲडमसनला ‘ती गेली’ असं म्हणायचं होतं. त्याने ते वाक्य मुद्दाम लांबवलं म्हणतात, शेवटच्या क्षणी वरून कुणी तरी निर्णय फिरवेल या आशेने. कुणी फिरवला नाही. भागाच्या शेवटी नेहमीची धून वाजली नाही. नावं शांततेत सरकली.

हा माझा पहिला आवडता भाग. आणि माझ्या हिशेबाने ‘सुरुवातीची वर्षं’ इथे संपतात. तिघींच्या दोघी झाल्या आणि स्नग पुन्हा तसा भरला नाही. माझी शेजारीण, जिने हे भाग लहानपणी पाहिले, ती म्हणते की त्याच वर्षी स्टॅन आणि हिल्डा ऑग्डन आले, त्यांना कुठे टाकणार? बरोबर आहे. केसांना कर्लर लावून बेसूर गाणाऱ्या हिल्डावर माझाही जीव आहे. पण ती पुढच्या पर्वाची.

ती धून कुणाची?

एरिक स्पिअरची. कॉर्नेटचा तो उदास स्वर उत्तर इंग्लंडातल्या खाण-गिरणी कामगारांच्या ब्रास बँडची आठवण करून देतो. धुराड्यांवरून पाऊस सरकतोय असं वाटतं.

त्या गल्लीत सगळे गोरेच होते का?

कायमचे रहिवासी, जवळजवळ हो. एल्सीची मुलगी लिंडा एका पोलिश माणसाची बायको होती, परकेपणाची मजल तिथपर्यंत. १९६३च्या सुरुवातीला जॉनी अलेक्झांडर नावाचा कृष्णवर्णीय बस कंडक्टर येतो, लेनच्या खोटेपणामुळे त्याची नोकरी जाते. थॉमस बॅप्टिस्ट या नटाने ते काम फार संयमाने केलंय. पण काही भागांपुरतंच. सॅल्फर्ड-मँचेस्टरच्या गिरण्यांत आणि बसमध्ये तेव्हा कॅरिबियन आणि उपखंडातली माणसं होती, मालिकेला ती दिसायला फार वेळ लागला. जुन्या भागांवर प्रेम करायचं तर हेही पाहावंच लागतं.

कोपऱ्यावरचं ते दुकान, ज्याच्या पाटीपासून सगळं सुरू झालं, ते १९९९मध्ये देसाई कुटुंबाने घेतलं. रवी देसाई झाले होते सईद जाफरी. ‘चष्मेबद्दूर’मधले पानवाले लल्लन मियां वेदरफील्डच्या गल्ल्यावर! त्यानंतर देव अलाहन आला आणि दुकान त्याचंच होऊन बसलं.

पुढे नावाजलेलं कुणी सुरुवातीला दिसतं का?

पुष्कळ. मंकीज बँडचा डेव्ही जोन्स १९६१मध्ये एनाचा नातू झाला होता. प्रुनेला स्केल्स बस कंडक्टर. मिस्टर स्विंडलीचं काम करणारे आर्थर लोव नंतर ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचे कॅप्टन म्हणून घराघरांत गेले. आणि १९६६-६७मध्ये रॉन जेंकिन्स नावाचा एक तरुण दिसतो, तो बेन किंग्जली. वडिलांकडून गुजराती, सॅल्फर्डजवळच वाढलेला. पुढे याच माणसाने पडद्यावर गांधीजी उभे केले, हे ते भाग पाहताना डोक्यातून जात नाही.

इतके जुने भाग टिकले कसे?

त्या काळात टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेचे कितीतरी भाग असेच गेले. ग्रॅनडाने मात्र आपली गल्ली जपून ठेवली.

भाषा समजेल का? आम्हाला साधं इंग्रजीही…

पहिले दोन भाग कठीण जातील. उपशीर्षकं लावा. ‘चक’, ‘लव्ह’ ही हाक कुणालाही मारतात, त्यात प्रेमप्रकरण शोधू नका. ‘टी’ म्हणजे बऱ्याचदा चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण. माझी पहिल्या वर्षी यावरून फजिती झाली होती: शेजारणीने ‘टी’ला बोलावलं, मी घरून पोटभर जेवून गेले आणि समोर अख्खं ताट.

सुरुवात कुठून करू?

पहिल्या भागापासून, आणि एका दमात पाहू नका. आठवड्याला दोन, जसे ते लागायचे तसे. साठच्या दशकातल्या निवडक भागांच्या डीव्हीडी निघाल्या होत्या, जुन्या बाजारात मिळतात. १९६० ते ६४ हे कृष्णधवल, हळू आणि बोलके आहेत. मोबाइल हातात घेऊन पाहिलेत तर कंटाळाल. भाजी निवडत पाहा, कान तिकडे ठेवून. माझी मेथी अशीच निवडून होते.

पहिल्या भागातलं कुणी अजून आहे?

एकच. सॉसच्या बाटलीची लाज वाटणारा केन बार्लो. विल्यम रोच तेव्हा २८ वर्षांचे होते, आता नव्वदी ओलांडली आहे, आणि गिनीजच्या पुस्तकात त्यांची नोंद आहे. केनची चार लग्नं झाली, नोकऱ्या किती बदलल्या याचा हिशेब नाही. गल्ली सोडून जायची भाषा मात्र पहिल्या भागापासून चालूच होती. अजून एक नंबरच्या घरात राहतो.